फाट्यावरचा माणूस : एका बेघर पुरुषाचं प्रकरण

जून २०२२. मृग लागला होता, गावात सरकी टोबायची घाई होती. एसटीचा लांबलेला संप एप्रिलात मिटला होता, पण फाट्यावर गाडी अजून दिवसातून दोनदाच थांबायची. बाकी वेळ प्रवासी निवारा रिकामा असायचा. त्या निवाऱ्यात एक माणूस राहायला आला. नेमका कोणत्या दिवशी, ते कुणालाच सांगता येत नाही. पानठेलेवाला म्हणतो, पहिला पाऊस पडला त्या दिवशी. गावातल्या आशाताई म्हणतात, त्याच्या आधी. कुणाची म्हैस कधी व्यायली हे तिथीसह सांगणारी माणसं या एका गोष्टीवर अडखळतात.

गाव वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या शिवेजवळ आहे. याहून जास्त पत्ता मी देणार नाही, त्या माणसाचं नावही लिहिणार नाही. तो आजही त्याच रस्त्याने ये-जा करतो आणि ज्यांनी त्याच्यावर हात टाकला तेही तिथेच राहतात. मी शेतमजूर बायांच्या बचत गटांसोबत काम करते, त्यासाठी या गावात महिन्यातून तीन-चारदा जाणं होतं. त्या पावसाळ्यात जे डोळ्यांनी पाहिलं, जे लोकांनी सांगितलं आणि पुढच्या वर्षभरात धागे जुळवून जे कळलं, ते मांडते आहे. माझ्या स्वतःच्या वागण्याचा हिशेबही त्यात आहे.

पन्नाशीच्या आसपासचा माणूस. छातीपर्यंत दाढी, केसांच्या जटा, अंगात फाटकी बंडी, मळून तपकिरी झालेलं धोतर, जवळ युरियाच्या पोत्यात बांधलेलं गाठोडं. तो मागायचा नाही. कुणी दिलं तर खायचा आणि खाल्ल्यावर आपली ताटली हापशीवर धुऊन बाकाखाली पालथी घालून ठेवायचा. त्या पालथ्या ताटलीचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पहिल्या दिवशी पानठेलेवाल्याने रीतीप्रमाणे विचारलं होतं, “कोन्या गावचे, बावाजी?” तो काही बोलला नाही. पुन्हा विचारलं. त्याने मान वर करून नुसतं पाहिलं. ठेल्यावरचं कुणीतरी म्हणालं, “येडा हाये बे, राहू दे.” चौकशी तिथे थांबली.

आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी नाव विचारत नाहीत, गाव विचारतात. गाव कळलं की सोयरीक निघते, बाजार निघतो, कुणाचा तरी मामा निघतो, आणि समोरचा दोन वाक्यांत आपला होतो. ज्याचं गाव कळत नाही त्याला कुठे बसवायचं ते उमगत नाही, मग आम्ही आपल्या मनाने त्याचं काहीतरी ठरवून टाकतो. या माणसाचं साडेतीन महिन्यांत चार वेळा ठरलं. आधी येडा, मग महाराज, मग फुकट्या, मग चोर.

महाराज

गुरुपौर्णिमेला एका म्हाताऱ्या बाईने त्याच्यापुढे नारळ ठेवला. पुढच्या गुरुवारी दोन बाया गेल्या, त्याच्या पुढच्या गुरुवारी सहा. हे समजायला शेगाव आठवावं लागतं. २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना. ही गोष्ट वऱ्हाडातल्या पोरासोरांना पाठ असते. अंगावर धड कपडा नसलेला, बोलणं न कळणारा माणूस देव निघू शकतो, ही शक्यता आमच्या मनात कायम जागी असते. गाडगेबाबा तर अमरावती जिल्ह्यातलेच. १९०५ मध्ये घर सोडलं, अंगावर चिंध्या, हाती फुटकं गाडगं, मुक्काम मिळेल त्या ओसरीवर. स्वतःसाठी खोपटं न बांधणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, मुंबईत दुसऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ, वाटेतच त्यांचे प्राण गेले.

ही परंपरा मी मानते. तिच्यामुळे फाट्यावरच्या माणसाला महिनाभर भाकर-वरण मिळालं, आणि उपाशी माणसाच्या हिशेबात ही मोठी गोष्ट आहे. पण नारळासोबत अपेक्षाही आल्या. रात्री काही जण त्याच्यापुढे चिलीम ठेवून सट्ट्याचा आकडा मागायला बसायचे. तो हाताने माश्या हाकलायचा, ते त्याची बोटं मोजून ओपन-क्लोज काढायचे. त्याच्या गळ्यात हार पडले. ओली बंडी बदलायला कोरडी मात्र कुणी दिली नाही. महाराजाला थंडी वाजत असेल, असं कुणाच्या मनात येत नाही.

त्या जुलैत विदर्भात पाऊस थांबत नव्हता. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, सगळीकडे पूर. एका संध्याकाळी गाडीची वाट पाहत मी निवाऱ्याच्या बाहेर छत्री धरून पाऊण तास उभी राहिले, कमरेपर्यंत भिजले. आत बाकावर जागा होती. मला पाहून तो पार दुसऱ्या टोकाला सरकला होता, गाठोडं उचलून पायाशी घेतलं होतं. मी आत गेले नाही. बाईने अनोळखी पुरुषाजवळ अंधारात एकटीने बसू नये, ही शिकवण मला आजही चुकीची वाटत नाही. पण त्याने केलेली जागा मी पाहिली होती. घरी गेल्यावर मी सांगितलं ते एवढंच, की फाट्यावर एक विचित्र माणूस येऊन राहिला आहे. त्याने जागा केल्याचं सांगितलं नाही. त्याची गोष्ट गावभर अशीच तयार होत होती, प्रत्येक जण काहीतरी वगळून पुढे सांगत होता.

कात्री

ऑगस्टच्या मध्यात तालुक्याहून चार-पाच पोरं दोन गाड्यांवर आली. एकाजवळ मोबाईलचा स्टँड, एकाजवळ कात्री आणि ट्रिमर. त्यांनी त्याला हापशीवर नेलं, जटा कापल्या, दाढी काढली, साबण लावून आंघोळ घातली, नवा टी-शर्ट आणि पँट घातली, बिस्किटाचे पुडे दिले आणि तासाभरात गेली. त्याची चित्रफीत दुसऱ्या दिवशी घरोघरी पोचली. आधीचा माणूस, नंतरचा माणूस, मागे संगीत. त्यात तो रडताना दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, उपकाराने डोळे भरून आले. पानठेलेवाला तिथे उभा होता. त्याने मला सांगितलं की कात्री लागली तेव्हा तो दोन्ही हातांनी जटा धरून बसला होता. तो भाग चित्रफितीत नाही.

पोरं वाईट नव्हती. त्यातल्या एकाशी मी नंतर बोलले. “विचारलं होतं ना ताई,” तो म्हणाला, “पन तो काईच नाई बोलला.” ऑगस्टात न बोलण्याचा अर्थ होकार झाला. सप्टेंबरात त्याच न बोलण्याचा अर्थ गुन्हा झाला.

कात्रीने एक गोष्ट बदलली, जी त्या पोरांच्या ध्यानीमनी नसणार. दाढीखालून निघाला तो साधा, गालफडं बसलेला, पण हाडापेराने मजबूत पुरुष. आता तो कुणाचा महाराज राहिला नाही. गुरुवारचे नारळ थांबले आणि त्यांच्यासोबत भाकरही. बचत गटाच्या बैठकीत ज्या बायांनी जुलैत ताट नेलं होतं त्याच म्हणाल्या, “चांगले हातपाय हायेत त्याचे, कामाले काय झालं?” गडीमाणूस उपाशी असेल तर आळशी असेल, दारू पीत असेल, काहीतरी करून आला असेल. त्याच्यावर काही गुदरलं असेल, हे शेवटी सुचतं, बहुतेकदा सुचतच नाही. सरकारी व्यवस्थेचंही तसंच आहे. तिथे बाई बसलेली असती तर १८१ वर फोन झाला असता. मूल असतं तर १०९८. साठी ओलांडलेला म्हातारा असता तर १४५६७. पन्नाशीच्या पुरुषासाठी गावाच्या हाताशी राहतो तो ११२, म्हणजे पोलीस. बेघर बाईचे हाल कमी असतात असं मी म्हणत नाही, रस्त्यावर तिची रात्र पुरुषाच्या रात्रीपेक्षा कितीतरी भयंकर असते. पण बाईकडे पाहताना हिला कुणीतरी टाकलं असेल असं मनात येतं. पुरुषाकडे पाहताना यानेच काहीतरी केलं असेल असं येतं.

२६ ऑगस्टला पोळा होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा फाटा सोडून गावात आला. आखरावर बैल उभे होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. तो गर्दीच्या कडेने गेला आणि एका बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिला. बैल हलला नाही. मालकाने पराणी उगारली, पोरांनी हुर्यो केली, तो माघारी गेला. हे मला पानठेल्यावर गंमत म्हणून सांगण्यात आलं. अनोळखी माणसाच्या हाताखाली सजवलेला, गर्दीने बुजलेला बैल शांत उभा राहतो, याचा अर्थ त्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळायला हवा होता. मलाही.

सप्टेंबर

पोळ्यानंतर मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरू लागले. या अफवेने घेतलेले बळी महाराष्ट्राने आधी पाहिले आहेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. १३ सप्टेंबर २०२२ ला सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना पोरं पळवणारे समजून मारहाण झाली. ती चित्रफीत आमच्या गावात पोचली तेव्हा तिच्यासोबत साधू निर्दोष असल्याची ओळ नव्हती. आपल्या भागात टोळी आली आहे, एवढीच ओळ होती.

त्याच आठवड्यात शाळेतून येणाऱ्या एका मुलाच्या सायकलची चेन निवाऱ्यासमोर उतरली. फाट्यावरच्या माणसाने उठून ती बसवून दिली. लांबून कुणालातरी दिसलं ते एवढं, की त्या माणसाने सायकल धरली आहे आणि मूल बाजूला उभं आहे. अर्ध्या तासात दहा-बारा जण जमले. “नाव सांग! गाव सांग! कोन कोन हाये तुह्यासंगं?” तो गप्प. पुन्हा विचारलं, तो गप्प. मग पट्टा, काठी, लाथा. एक जण चित्रण करत होता. मी ते पाहिलं आहे. त्यात तो हात जोडून प्रत्येकाच्या ओठांकडे पाहतो आहे, या तोंडाकडून त्या तोंडाकडे. मारणाऱ्यांना ती नजर चोराची वाटली.

संध्याकाळपर्यंत एका बातमीच्या पोर्टलवर मथळा आला, त्यात ‘संशयित इसम’ आणि ‘ग्रामस्थांच्या ताब्यात’ हे शब्द होते. या शब्दांपाशी मला थांबायचं आहे. आमच्याकडच्या बातम्यांत असा माणूस ‘वेडसर इसम’ असतो, ‘फिरस्ता’ असतो, ‘भिकारी’ असतो, गेल्यावर ‘बेवारस’ होतो आणि जिल्ह्याच्या पानावर ‘अनोळखी इसमाचा मृतदेह’ म्हणून चार ओळींत संपतो. ‘बेघर’ हा शब्द क्वचित दिसतो. बेघर म्हटलं की घर कुठे होतं, कसं गेलं, असं विचारावं लागतं. इसम म्हटलं की पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

रक्त पाहिल्यावर गावातले जाणते घाबरले. पोलिसांना कळवलं तर पोरांवर गुन्हे दाखल होतील, म्हणून त्याला रात्री एका छोटा हत्तीत टाकून वर्धा नदीच्या पुलापलीकडे सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी तो पायी परत आला, एक डोळा सुजलेला, पाय ओढत. लोकांनी याचाही उलटा अर्थ लावला. इतकं मारूनही येतो म्हणजे याचे साथीदार इथेच आहेत. खरं कारण असं होतं की त्याचं गाठोडं निवाऱ्यात राहिलं होतं.

गाठोडं

आशाताईंचा फोन आला तेव्हा पोलीस त्याला घेऊन गेले होते. मी ठाण्यात पोचले. त्याला ओसरीवर बसवलं होतं आणि रात्री आत ठेवावं की भिकाऱ्यांच्या कायद्याखाली पाठवावं, असं बोलणं चाललं होतं.

तो कायदा १९५९ चा आहे, मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. उपजीविकेचं उघड साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी भिकेवर जगत असावा अशा स्थितीत फिरणारा माणूसही त्याच्या व्याख्येत बसतो. म्हणजे हात पसरलाच पाहिजे असं नाही, नुसतं तसं दिसणं पुरतं. न्यायालयात ठरलं तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याच्या बऱ्याच तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ ला घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात तो चालू आहे.

दुसरा कायदा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. त्याचं कलम १०० मी ठाणेदारांना मोबाईलवर काढून दाखवलं. मानसिक आजार असावा आणि स्वतःची काळजी घेता येत नसावी असं वाटणारा माणूस रस्त्यावर आढळला तर त्याला पोलिसांनी संरक्षणाखाली घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं, कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचं नाही, आणि हरवल्याची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. हे पोलिसांचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ठाणेदारांनी दोनदा वाचलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं आणि त्यांनी तसं मोकळेपणाने कबूल केलं. सकाळी रुग्णालयात पाठवायची तयारी त्यांनी तिथेच सुरू केली.

तेवढ्यात पानठेलेवाला गाठोडं घेऊन आला. सोबत गावातले सत्तरीचे एक जुने सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी, होते. ठेलेवाल्याने गाठोडं उघडून पाहिलं होतं आणि त्यातलं सामान त्या म्हाताऱ्या माणसाला दाखवलं होतं. विणलेला सुताचा कासरा, बैलाच्या तोंडावर बांधायची एक मोरकी, घुंगरांची माळ, एक ताटली. आणखी काही नव्हतं. म्हाताऱ्याने त्या माणसाकडे पाहिलं आणि आम्हाला म्हणाले, “हा आमच्यातला गडी होये. अन् याचा कान वाहून राह्यला, दिसत नाई काय तुमाले?” ते त्याच्याजवळ उकिडवे बसले, उजव्या कानाला तोंड लावून ओरडले, “कोन्या गावचे?”

त्याने गाव सांगितलं, तालुका सांगितला, मालकाचं नाव सांगितलं. मग स्वतःचं.

रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. गंभीर मानसिक आजार नव्हता. भीती होती, झोप नव्हती, मन खचलेलं होतं, त्यासाठी गोळ्या दिल्या. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही पडद्यांना भोकं आहेत आणि कान फुटणं फार जुनं आहे. डाव्या कानाने जवळपास काहीच येत नाही, उजव्याने अगदी जवळून मोठ्याने बोललं तर येतं. पानठेल्यावरचा पहिल्या दिवसाचा प्रश्न, ट्रिमरवाल्या पोरांचा प्रश्न आणि पट्टा हातात घेऊन विचारलेला प्रश्न, तिन्ही त्याच्यापर्यंत पोचले नव्हते.

गोठा

ऑक्टोबरात मी त्याच्या गावी गेले, साधारण सत्तर किलोमीटर. तिथे जे कळलं त्यात मोठा अन्याय शोधू पाहणाऱ्याला एकही दुष्ट माणूस सापडणार नाही. तो वीसेक वर्षं एकाच घरी सालगडी होता. दर गुढीपाडव्याला साल ठरायचं, थोडं धान्य, थोडे पैसे, वर्षाला कपडे. मुक्काम गोठ्यात, बैलांशेजारी. जेवण मालकाच्या अंगणात. सालगड्याची ताटली बहुतेक घरी वेगळी असते आणि ती त्यानेच धुऊन पालथी घालायची असते. लग्न झालं होतं, बायको फार पूर्वी माहेरी गेली ती आली नाही. मालक वारले. मुलं पुण्याला नोकरीत, त्यांनी वावर मक्त्याने दिलं. मक्त्याने करणाऱ्याकडे ट्रॅक्टर होता. बैल बाजारात गेले. बैल विकले त्या दिवशी कासरा, मोरकी आणि माळ यानेच सोडून घेतली होती.

गोठा गेला तसा त्याचा निवारा गेला. पण खरं पाहिलं तर तो त्या वीस वर्षांतही बेघरच होता, हे गावाला कधी जाणवलं नाही. शहरातला बेघर पुलाखाली दिसतो. आमचा बेघर कुणाच्या तरी गोठ्यात, मंदिराच्या सभामंडपात, जिनिंगच्या शेडमध्ये, शेतातल्या खोपीत झोपतो, म्हणून मोजला जात नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली, सुमारे १७.७ लाख लोक नोंदले गेले. त्यातले आठ लाखांहून जास्त ग्रामीण भागातले होते, म्हणजे जवळपास निम्मे. त्या रात्री हा माणूस दोन बैलांच्या मध्ये गवतावर झोपला असणार.

भावाचं घर मी पाहिलं. घरकुल योजनेतली खोली, नियमाप्रमाणे निदान पंचवीस चौरस मीटरची, त्यात पाच माणसं. आठ महिने तो ओसरीवर राहिला. दारू प्यायचा, हे भावाने सांगितलं आणि नंतर त्यानेही कबूल केलं. एके रात्री वहिनीशी शब्द झाले आणि तो निघाला. भाऊ मान खाली घालून म्हणाला, “शोधलं ताई, आठ दिवस. मंग कापूस वेचाले आला.” मला त्या वाक्यावर राग धरता आला नाही. मजुरी बुडवून भावाला शोधत फिरणं किती दिवस परवडतं, हे त्याच्या घरात उभं राहिल्यावर कळतं.

शिधापत्रिकेवरचं नाव केव्हाच कमी झालेलं. आपल्या योजना कुटुंबावर बेतलेल्या आहेत आणि एकटा पुरुष हे कुटुंब आहे, असं कुणाला वाटत नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत वंचित कुटुंब ओळखायच्या निकषांपैकी एक असा होता, की घरात १६ ते ५९ वयाचा प्रौढ माणूस नसावा. दुसरा असा, की बाई कुटुंबप्रमुख असून त्या वयाचा पुरुष घरात नसावा. दोन्ही निकष योग्यच आहेत. पण त्यांच्या मुळाशी एक समजूत आहे, की त्या वयाचा पुरुष म्हणजे आधार. त्या पुरुषालाच आधार नसला तर काय, याचं उत्तर त्यांत नाही.

मानसिक आरोग्याच्या कायद्याने सांगितलं होतं, मानसिक आजार नसेल आणि घर नसेल तर बेघरांसाठीच्या सरकारी संस्थेत न्या. ती कुठे आहे? शहरी बेघरांसाठी निवारे करण्याची योजना तेव्हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात होती, ती नावाप्रमाणे शहरांसाठी. आमच्या तालुक्यात असं काही नव्हतं. वृद्धाश्रमाला वय कमी पडत होतं. संजय गांधी निराधार योजनेला कागद कमी पडत होते. रुग्णालयातून सुटी झाल्यावर तो पहिले नऊ दिवस त्या म्हाताऱ्या सालगड्याच्या पडवीत राहिला. योजना सापडेपर्यंतच्या मधल्या दिवसांत माणसाने कुठे झोपायचं, याचं उत्तर एका भूमिहीन म्हाताऱ्याने दिलं.

आधारसाठी आम्ही नव्याने नोंदणी केली. ती फेटाळली गेली, कारण बोटांचे ठसे आधीच कुणाच्या तरी नावावर होते. ते त्याचेच होते. कधीतरी शिबिरात काढलेला जुना क्रमांक त्यातून हाती लागला आणि तिथून कागद हलू लागले. अपंगत्वाचं प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांच्या वर मिळालं. निराधार योजनेचा अर्ज रहिवासी पुराव्यावर अडला, पुन्हा दिला, पुन्हा अडला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. तोवर जुलै २०२३ पासून अनुदान एक हजारावरून दीड हजार झालं होतं.

मारहाणीची तक्रार त्याने दिली नाही. मी दोनदा समजावलं. “इथंच ऱ्हाचं हाये मले,” तो म्हणाला. त्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. मारणाऱ्यांपैकी कुणावर काही झालं नाही, पोर्टलवरची बातमी कुणी मागे घेतली नाही. आंघोळीची चित्रफीत आणि मारहाणीची चित्रफीत, दोन्ही अजून फिरतात. त्या एकाच माणसाच्या आहेत हे पाहणाऱ्यांना कळत नाही, दाढी काढलेली असल्यामुळे.

तो आता त्याच गावात आहे. म्हाताऱ्या सालगड्याच्या ओळखीने एका शेतकऱ्याकडे बैलजोडीचं काम लागलं. मी एकच हट्ट धरला, की झोपायला गोठा नको, दार लागणारी खोली हवी, आणि ते पगारासह कागदावर लिहून हवं. शेतकऱ्याला कागदाचं नवल वाटलं, पण त्याने सही केली. मला या व्यवस्थेची धास्ती वाटते. खोली मालकाची आहे. हे बैलही कधीतरी बाजारात जातील, आणि त्या दिवशी त्या कागदाची किंमत किती उरेल हे मी सांगू शकत नाही. ग्रामपंचायतीकडे गावठाणातल्या जागेसाठी अर्ज दिला आहे. तो पडून आहे. दर महिन्याला जाऊन विचारते.

१४ सप्टेंबर २०२३ ला पोळा फुटल्यावर तो जोडी घेऊन बोजारा मागायला दारोदार फिरला. उजव्या अंगाच्या बैलाच्या गळ्यात गाठोड्यातली माळ होती. मी आशाताईंच्या ओट्यावर बसले होते. बाया दारात आल्या, बैलांच्या पायांवर पाणी घातलं, पुरणपोळी चारली, त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवले. समोरच्या घरातल्या पोराने वर्षापूर्वी पट्टा काढला होता. दार त्याच्या आईने उघडलं, पूजा केली, पैसे दिले. पोरगा आतल्या खोलीत होता, पडद्याखाली त्याचे पाय दिसत होते. दारातला माणूस थोडा वेळ थांबला. मग त्याने बैलाच्या गळ्यातली माळ सारखी केली आणि जोडी पुढच्या घराकडे वळवली.